जर्मन लढाऊ वैमानिकाच्या दुखापतींचा शोध : एक सरकारी अभिलेखागार आणि एक खासगी संशोधन सेवा

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वायुदलाच्या, म्हणजे लुफ्तवाफेच्या, एका लढाऊ वैमानिकाच्या दुखापती आणि आजारपणे शोधण्यासाठी गेल्या दोन वर्षांत मी दोन सेवा वापरल्या. एक जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराचा, बुंडेसआर्खिव्हचा, बर्लिनमधील व्यक्तिविषयक माहिती देणारा विभाग. दुसरी शुल्क घेऊन शोध करून देणारी एक खासगी सेवा, जिचे नाव येथे देत नाही. दोन्हींकडे प्रश्न एकच होता. या वैमानिकाच्या नावावर असलेल्या हवाई विजयांच्या यादीत 1942 च्या सप्टेंबरपासून जवळजवळ सात महिन्यांचा खंड आहे आणि छापील साहित्यात त्याचे कारण ‘जखमी झाल्यामुळे’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेले आहे. तो कशाने जखमी झाला, कोणत्या इस्पितळात होता आणि खरोखर सात महिने अंथरुणाला खिळला होता का, हे मला हवे होते. वैमानिक फारसा प्रसिद्ध नसल्यामुळे आणि त्याचे कुटुंबीय आजही हयात असल्यामुळे त्याचेही नाव लिहीत नाही.

प्रसिद्ध वैमानिकांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा पडत नाही. ग्युंटर राल 28 नोव्हेंबर 1941 रोजी पूर्व आघाडीवर पाडला गेला, त्याच्या पाठीचे मणके मोडले, व्हिएन्नाच्या इस्पितळात तो कित्येक महिने होता आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उडू लागला. 12 मे 1944 रोजी अमेरिकन थंडरबोल्ट विमानांशी झालेल्या झुंजीत त्याच्या डाव्या हाताचा अंगठा गेला. हे सर्व तो स्वतः सांगण्यासाठी 2009 पर्यंत जिवंत होता. माझ्या वैमानिकाने मागे काहीही लिहून ठेवलेले नाही आणि त्याचे सैनिकी वेतनपुस्तक, ज्यात इस्पितळातील मुक्कामांच्या नोंदींसाठी खास पाने असत, तेही कुटुंबाकडे उरलेले नाही. त्यामुळे सगळी भिस्त सरकारी कागदांवर होती.

बर्लिनच्या या विभागाची वंशावळ माहीत असली तर त्याच्याकडून काय अपेक्षा करावी हे नीट कळते. युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर, ऑगस्ट 1939 मध्ये, मृत, जखमी आणि युद्धकैदी यांची माहिती एकत्र ठेवण्यासाठी जे कार्यालय उघडले गेले, त्याचाच हा वारसा आहे. युद्धानंतर ते ‘डॉइचे डीन्स्टश्टेले’ या नावाने बर्लिनमध्ये चालू राहिले आणि 1 जानेवारी 2019 पासून संघीय अभिलेखागाराचा भाग झाले. त्याच्या मध्यवर्ती कार्डसूचीत 1 कोटी 80 लाखांहून अधिक कार्डे आहेत. नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ दिले तर शोध सुरू होतो; पण गळ्यातल्या ओळखबिल्ल्याचा क्रमांक देता आला तर कामाला खरी गती येते, कारण युनिटांकडून आणि इस्पितळांकडून आलेल्या कित्येक नोंदी त्या क्रमांकाशी जोडलेल्या असतात. मी पहिल्या अर्जात तो दिला नव्हता. पूरक पत्र पाठवावे लागले आणि त्यात गेलेल्या वेळेचा दोष माझाच होता.

परवानगीचा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. संघीय अभिलेखागाराच्या कायद्यानुसार व्यक्तिविषयक कागद त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर 10 वर्षांनी खुले होतात आणि मृत्यूची तारीख ठरवता येत नसेल तर जन्मानंतर 100 वर्षांनी. वैमानिकाच्या मृत्युदाखल्याची प्रत जोडल्यावर पुढे कोणी काही विचारले नाही. उत्तराला अनेक महिने लागतील हे मला आरंभीच लेखी कळवले होते आणि ते शब्दशः खरे ठरले. घाई असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

उत्तर आले ते दोन पानांचे कोरडे पत्र आणि सोबत काही प्रतिमा. त्यांतली इस्पितळाच्या नोंदवहीतील एक ओळ मी अनेक दिवस समोर ठेवून बसलो होतो. आडव्या रकान्यांत दाखल होण्याची तारीख, हुद्दा, युनिट, बिल्ल्याचा क्रमांक, आणि निदानाच्या जागी दोन लॅटिन शब्द : ‘कोमोशिओ सेरेब्री’, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला हादरा. त्याखाली बारीक अक्षरात घोट्याचे हाड मोडल्याची नोंद. शेवटच्या रकान्यात मायदेशातील राखीव इस्पितळाकडे रवानगी. दुसऱ्या प्रतिमेत त्या राखीव इस्पितळातली नोंद आहे आणि तिथे निदान एकदम बदलते : ‘इक्टेरस’, म्हणजे कावीळ. पूर्व आघाडीवरच्या जर्मन सैन्यात संसर्गजन्य काविळीने मोठे थैमान घातले होते, तेव्हा यात नवल नाही. तारखांचा हिशेब मांडला तेव्हा दिसले की घोटा सुमारे दहा आठवड्यांत सावरला होता आणि उरलेला बराचसा काळ काविळीने खाल्ला. छापील साहित्यातल्या त्या शूर जखमेच्या जागी एका आजारी माणसाची पथ्यावर काढलेली हिवाळी रजा उभी राहते.

खासगी सेवेने मात्र तीन आठवड्यांत सुबक छापलेला अकरा पानांचा अहवाल पाठवला. भाषा ओघवती, मधूनमधून नकाशे, मुखपृष्ठावर विमानाचे चित्र. त्यात वैमानिक तीन वेळा ‘जखमी’ झाल्याचे आणि म्हणून त्याला रुपेरी जखमचिन्ह मिळाल्याचे लिहिले होते. गडबड इथेच आहे. जर्मन कागदांत शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यासाठी ‘फेरवुंडेट’ आणि अपघातात इजा झालेल्यासाठी ‘फेरलेट्स्ट’ असे दोन वेगळे शब्द वापरले जात. मराठीत आपण दोन्हींना सहज ‘जखमी’ म्हणून मोकळे होतो, तसेच अहवालकर्त्यानेही केले होते. 1 सप्टेंबर 1939 रोजी सुरू झालेले जखमचिन्ह एक-दोन जखमांसाठी काळे, तीन-चारांसाठी रुपेरी आणि पाच किंवा अधिकांसाठी सोनेरी असे, आणि ते शत्रूच्या कारवाईतील जखमांसाठी होते. माझ्या वैमानिकाच्या तीन घटनांपैकी दोन, सप्टेंबर 1942 ची धरून, शत्रूशी संबंध नसलेले अपघात होते. सप्टेंबरमध्ये तर उतरताना त्याचे मेसरश्मिट 109 उलटले होते, आणि दोन चाकांमधले अंतर कमी असलेल्या त्या विमानाच्या बाबतीत हे काही विरळा नव्हते. जोडीला अहवालात कोणत्याही विधानाखाली धारिकेचा क्रमांक नव्हता. विचारणा केली तेव्हा ‘आमच्या संग्रहातून’ असे उत्तर आले. तासाच्या हिशेबाने युरो मोजणाऱ्या ग्राहकाला हे उत्तर देणे मला गैर वाटते.

अपघाताची खातरजमा मला फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारातील लुफ्तवाफेच्या हानी-नोंदींवरून करता आली. वायुदलाच्या क्वार्टरमास्टर जनरलच्या कार्यालयाने ठेवलेल्या या याद्यांत तारीख, ठिकाण, विमानाचा प्रकार आणि कारखाना-क्रमांक, शत्रूची कारवाई होती की नव्हती, विमानाचे नुकसान किती टक्के आणि विमानात कोण होते, हे सारे असते. ज्याला वैद्यकीय कागद मिळत नाहीत त्याने आधी इथे पाहावे. मात्र 1944 च्या बहुतेक याद्या वाचलेल्या नाहीत, आणि एकूणच लुफ्तवाफेचे पुष्कळ कागद युद्धाच्या अखेरीस नष्ट झाले. त्यामुळे शेवटच्या वर्षातील दुखापतींसाठी पैसे भरण्यापूर्वी दोनदा विचार करावा. वैमानिक ब्रिटिशांच्या कैदेत सापडला असेल तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील चौकशी-अहवाल हा वेगळा आणि कधीकधी अधिक बोलका मार्ग आहे. माझ्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता.

बर्लिनच्या सेवेतही एक उणीव जाणवली, तिला तक्रार म्हणणे जड होईल. पत्रात कागदावर आहे तेवढेच सांगितले जाते, त्याचा अर्थ लावून दिला जात नाही. इस्पितळातून सुटताना नोंदलेली ‘का-फाउ’ ही दोन अक्षरे युद्धसेवेस योग्य असा शेरा देतात, उड्डाणास योग्य असा नव्हे. वैमानिकासाठी ती तपासणी निराळी असे. हे मला स्वतः शोधावे लागले, आणि त्यामुळेच सुटका व पुढचे उड्डाण यांमधले पाच आठवडे उलगडले. जर्मन येत नसेल आणि जुने हस्ताक्षर वाचता येत नसेल तर हे पत्र हातात येऊनही माणूस अडून राहील.

याच एका कामासाठी खासगी सेवेचा मला खरा उपयोग झाला. निदानाखालची ती बारीक ओळ मला लागत नव्हती. त्यांच्या माणसाने ती दोन दिवसांत अचूक वाचून दिली आणि प्रत्येक संक्षेप उलगडून लिहिला. आता 1943 च्या दुसऱ्या अपघाताच्या प्रतिमा आल्या आहेत. त्या मी त्यांच्याकडे पाठवल्या आहेत, पण या वेळी फक्त वाचनासाठी, ओळीनुसार दर ठरवून, आणि अहवाल नको असे स्पष्ट लिहून.