कार्बन फायबर म्हणून प्लॅस्टिक, बेडिंग म्हणून पुट्टी

मी प्रोन मारते, म्हणजे पालथं पडून नेमबाजी: .२२ रायफल, ५० मीटर. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. वरळीला समुद्राच्या वाऱ्यात पावसाळाभर सराव करायचा तर लाकडी स्टॉकचा, म्हणजे रायफलच्या दस्त्याचा, त्रास ठरलेला. लाकूड दमट हवा पितं, फुगतं, ॲक्शनवरचा, म्हणजे गोळी भरून उडवणाऱ्या यंत्रणेवरचा, दाब बदलतो आणि जूनमध्ये झीरो केलेली, म्हणजे नेम जुळवून घेतलेली, रायफल जुलैत भलतीकडे मारते. सिंथेटिक स्टॉक घ्यायचं मनात होतंच. एका ओळखीच्या मुलाने उपनगरातल्या एका माणसाचा नंबर दिला.

त्या माणसाने काळ्या विणीचा, चकचकीत स्टॉक दाखवला. "ताई, अस्सल कार्बन फायबर. बेडिंगसकट अडतीस हजार. रायफल दोन दिवस ठेवून जा." बेडिंग म्हणजे ॲक्शन स्टॉकमध्ये नीट बसावी म्हणून आतून केलेला भराव. परवाना विचारला तर म्हणाला, नूतनीकरणाला गेलाय. मी रायफल ठेवून आले. ही माझी सगळ्यात मोठी चूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो, आणि समोरच्याला तो आहे की नाही याची खात्री न करता शस्त्र त्याच्या हाती देणाराही गुन्हेगार ठरतो. पैसे रोख दिले, बिल मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने टेबलावर रायफल ठेवली आणि बॅरल आणि स्टॉकच्या मधून दहाची नोट सरसर फिरवून दाखवली. "बघा, बॅरल पूर्ण मोकळं." सोबत एक टार्गेट दिलं: पाच गोळ्या, सगळ्या दहात. मी खूश होऊन घरी आले.

रेंजवर पहिल्याच दिवशी ग्रुप फुटला, गोळ्या एका जागी पडेनात. स्लिंग, म्हणजे रायफल हाताला बांधून धरणारा पट्टा, सैल असली की गोळी एकीकडे, घट्ट केली की दुसरीकडे. पंधरा दिवस मी स्वतःलाच दोष देत होते. श्वास चुकतोय, कोपर हलतंय, ट्रिगर खेचला जातोय... शेवटी आमच्या रेंजवरचे एक ज्येष्ठ नेमबाज, त्यांना सगळे काका म्हणतात, माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "आडवी पड, स्लिंग लाव, नेहमीसारखी पोझिशन घे. आता नोट मी फिरवतो."

नोट पुढच्या टोकाशी अडकली.

टेबलावर ठेवलेल्या रायफलवर कसला ताण असतो? प्रोनमध्ये डावा हात आणि स्लिंग मिळून स्टॉकचा पुढचा भाग ओढतात. कार्बन फायबर तेवढ्याने वाकत नाही, साच्यात ओतलेलं स्वस्त प्लॅस्टिक वाकतं आणि बॅरलला टेकतं. टेकलं की बॅरलची थरथर दर गोळीला वेगळी होते. कार्बनची ती वीण म्हणजे वरून चिकटवलेली छापील फिल्म होती, कडेला नखाने उचलली गेली.

मग काकांनी मला बॅरल आणि स्टॉकच्या टोकावर एकत्र बोट ठेवायला सांगितलं आणि ॲक्शनचा पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला. बेडिंग नीट असेल तर बोटाला काहीच जाणवायला नको. इथे बॅरल टुणकन वर आलं. ॲक्शन स्टॉकवर निवांत बसलेली नव्हती, स्क्रूने वाकवून बसवलेली होती.

ॲक्शन बाहेर काढली तेव्हा मला रडू आलं. बेडिंगला पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची पूड घातलेलं एपॉक्सी लागतं, स्टॉक आतून खरवडून घ्यावा लागतो, ॲक्शनला मेण लावावं लागतं आणि स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमचे पिलर, म्हणजे छोट्या नळ्या, घालाव्या लागतात, नाहीतर स्क्रू आवळला की प्लॅस्टिक चेपतं. इथे पिलर नव्हतेच. आत भरली होती गाडीच्या पत्र्याला डेंटिंगवाले लावतात ती पुट्टी. ती सुकताना आकसते, तडकते. तिचे कपचे ट्रिगरच्या खोबणीत पडले होते. भरलेल्या रायफलच्या ट्रिगरमध्ये कचरा, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

टार्गेटचं काय, म्हणून काकांनी ते उजेडात धरलं. .२२ च्या शिशाच्या गोळीने पडलेल्या भोकाच्या कडेला शिसं आणि ग्रीसची करडी रिंग राहते. माझ्या टार्गेटवरची पाचही भोकं पांढरी स्वच्छ होती. पंच मारून पाडलेली.

फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "तक्रार करा ना ताई. रायफल माझ्याकडे कुणी ठेवली, हेही सांगावं लागेल." या भरवशावरच त्याचा धंदा चालतो. मी वकिलांचा सल्ला घेतलाय आणि ठेवल्याचं कबूल करूनच तक्रार देणार आहे.

रायफल आता पुन्हा लाकडी स्टॉकवर आहे. परवानाधारक कारागिराने, परवान्याची प्रत आधी हातात देऊन, त्यातच पिलर आणि एपॉक्सी बेडिंग करून दिलं. एपॉक्सी चोवीस तास सुकू दिलं, स्क्रू टॉर्क पान्याने जोर मोजून आवळले आणि आकडा बिलावर लिहून दिला. काकांच्या बोटाला या वेळी काही जाणवलं नाही.

ते खोटं टार्गेट मी रायफलच्या पेटीत ठेवलंय. करडी रिंग नसलेलं भोक कसं दिसतं ते पाहायचं असेल तर रेंजवर माझ्याकडे मागा, शेजारी खऱ्या गोळीचं भोकही दाखवेन.