लोकर की मणी?

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या यवतमाळकडच्या गावात संध्याकाळी थंडी जाणवते आणि मी लोकर विणायच्या १० नंबरच्या सुया काढते. एक सुलट, एक उलट. लाइट गेली तरी बोटांना टाका कळतो. चुकलं तर उसवायचं, लोकर वाया जात नाही.

मण्यांना मात्र उजेड लागतोच. दोन मिलिमीटरचा काचेचा मणी, त्याच्या भोकातून जाणारी केसाएवढी सुई! दोरा तुटला की सगळ्या अंगणभर मणी. पण माळ एका दुपारी होते, स्वेटरला महिना जातो. शिवाय मे महिन्यात, ४५ अंशांत, लोकर हातात धरवत नाही. तेव्हा मणीच बरे.

तरी माझा जीव लोकरीतच. अर्धवट विणलेली पाठ मापाला लावली की नातू कसा ऊब धरून गप्प उभा राहतो!