कोंबड्या आणि परसातली भाजी : एक पावसाळा, एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा काढल्यावर

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. कोकणात घरामागे थोडी भाजी आणि चार-सहा कोंबड्या असं मनात असेल तर जरूर सुरू करा, पण पैसे कोंबडीच्या जातीवर घालू नका. छप्पर, तळ आणि जाळी यांवर घाला. मोबाईलवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ घाटावरच्या कोरड्या हवेतले असतात. तिथं जे वर्षभर चालतं त्याला आमच्याकडे जुलैत बुरशी येते.

आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात, खाडीपासून फार लांब नाही. मागीलदारी माड, केळी, विहीर आणि त्यापलीकडे पडून असलेली दोनेक गुंठे जागा. माती तांबडी, जांभ्याची. पावसाच्या तोंडावर सुरुवात केली ती चार गावठी तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि गिरीराज या सुधारित जातीच्या दोन यांच्यावर. पिल्लं घेतली नाहीत. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे ती हळूहळू कमी करायची, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. नव्याने करणाऱ्याने चार-पाच महिन्यांच्या तलंगाच घ्याव्यात. महाग पडतात, पण महिन्या-दोन महिन्यांत अंडी दिसतात आणि हुरूप टिकतो.

खुराडा ऑनलाइन मागवला होता, तयार. दिसायला देखणा: पावडर कोटिंगचा लोखंडी सांगाडा, खाली ओढायचा ट्रे, बाजूला अंडी काढायची झडप. खाऱ्या वाऱ्यापुढे या कोटिंगचं काही चाललं नाही. श्रावण लागेपर्यंत बिजागऱ्यांतून तांबडी पूड गळायला लागली आणि झडपेची कडी दोन्ही हातांनी सरकेना. ट्रेचं तर विचारू नका. तिरक्या पावसाचं पाणी त्यात जमायचं, घाण भिजायची, आणि सकाळी ट्रे ओढला की डोळे चुरचुरायचे. विक्रेत्याला फोटो पाठवले. गंज वॉरंटीत बसत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. आता त्या सांगाड्यात मिरचीची रोपं करते. त्या कामाला झकास आहे.

गणपती झाल्यावर गावातल्या गवंड्याकडून चिऱ्याचा दीड फूट उंच जोता बांधून घेतला. पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो म्हणून ती बाजू भिंतीने बंद, बाकीकडे जाळी, वर उतरते पत्रे हातभर पुढे काढलेले, आणि पावसाळ्यापुरता माडाच्या विणलेल्या चुडतांचा आडोसा. एका कोंबडीला आत दोन चौरस फूट पुरतात असं म्हणतात. आम्ही दुप्पट ठेवली, कारण झड लागली की बिचाऱ्या दिवसचे दिवस आतच असतात.

तळाला भाताचं तूस, चार बोटं जाड. ते अधूनमधून उकरायचं आणि ओलं झालं तेवढं काढून नवं टाकायचं. परीक्षा सोपी आहे: खाली बसायचं आणि नाक कोंबडीच्या उंचीवर न्यायचं. नाक झोंबलं तर तूस बदला. उभ्याने वास येत नाही आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि पिल्लं त्यात पटापट जातात. पावसाळ्यात खाद्याचीही हीच गत. पन्नास किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, उघडल्यावर संपेपर्यंत बुरशी धरतं आणि बुरशीचं खाद्य विषच. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते, मोकळी फिरली तर त्याहून कमी. त्या हिशेबाने थोडं थोडं आणावं. आमच्याकडे निम्मं बाजारचं आणि निम्मं कणी-कोंडा असं चालतं.

जाळीबद्दल एवढंच: दुकानदार ‘कोंबडीची जाळी’ म्हणून जी षटकोनी पातळ जाळी देतो ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली कडक जाळी घ्या आणि खालून फूटभर मातीत पुरा. इंचाच्या भोकातून साप आरामात येतो. धामण अंडी खायला येते, तिला मारू नका, सर्पमित्राला बोलवा. उंदरांचा बंदोबस्त तीच करते.

जातीचं लोक फार विचारतात. गिरीराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने काढलेली, वनराज हैदराबादची. दोन्ही परसातल्या पाळण्यासाठीच तयार केलेल्या. गिरीराज वर्षाला १३०-१५० अंडी देते म्हणतात, गावठी ६०-७० वर थांबते. कागदावर गिरीराज जिंकते. पण ती अंगाने जड, तिला धड उडता येत नाही, आणि कुत्रा आला की गावठ्या आंब्याच्या फांदीवर असतात तेव्हा ही अंगणात गोल गोल पळत असते. शिवाय ती खुडूक होऊन अंड्यांवर बसत नाही. गावठी बसते, आणि २१ दिवस अशी बसते की दाण्यापुरतीच उठते. कडकनाथचं सध्या फार नाव आहे, झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, पण अंडी बेताची आणि उबवायचा कंटाळा. हौस म्हणून ठेवा, पहिल्या कळपात नको. आता कोणी विचारलं तर मी चार गावठींना दोन गिरीराज हेच प्रमाण सांगते. गिरीराजची अंडी गावठीखाली ठेवता येतात, मात्र पुढच्या पिढीत तेच गुण उतरतील असं धरून चालू नका.

लस हा सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. मानमोडी (राणीखेत रोग) आली की औषध नाही. मान पिळवटते, हिरवट पातळ हगवण लागते, आणि आठवडाभरात खुराडा रिकामा. त्यावर लासोटा लसीचा थेंब पहिल्या आठवड्यात, पुन्हा चौथ्याच्या सुमारास, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन असा क्रम असतो. अडचण अशी की कुपी सहसा शंभर पक्ष्यांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून आमच्या वाडीने तारीख ठरवली. शेजारच्या काकी आदल्या संध्याकाळी घरोघर निरोप देतात, सगळे आपापल्या कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवतात, आणि सकाळी दवाखान्यातून आणलेली कुपी थर्मासमधून घरोघर फिरते. उन्हं वर यायच्या आत वाडी पुरी होते. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर कोंबड्या आणायच्या आधी ती करा.

आता भाजी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “कोंबडी सोडलंस काय भाजी इसर गो.” खरं आहे. कोंबडी पानं खाते हे नुकसान फारसं नाही. ती उकरते. लाल माठाचं बी पेरलेला वाफा तिने पाच मिनिटं उकरला की तिथं तिच्या धूळ-अंघोळीचा खड्डा होतो. उपाय म्हणजे भाजीला कुंपण, कोंबडीला नव्हे. बांबूचे खुंट आणि जुनं मासेमारीचं जाळं, बंदरावर स्वस्तात मिळतं. पीक निघालं की त्या वाफ्याचं जाळं उचलायचं आणि कोंबड्या आत सोडायच्या. हुमणी, वाळवी, तणाचं बी, सगळं त्या वेचून काढतात. वाफा भुसभुशीत करून देतात. मग पुन्हा जाळं. या एका फेऱ्यासाठी तरी कोंबड्या पाळाव्यात असं माझं मत झालंय, अंडी वरकड.

पावसात ग्रो बॅग ठेवू नका. खत वाहून जातं, मुळं कुजतात, आणि एप्रिलमध्ये त्याच पिशव्या भट्टीसारख्या तापतात. इथे पावसाळा मांडवाचा. पडवळ, दोडका, कारली वर चढवायची; बी मिरगाच्या आधी लावून वेल चार पानांवर आलेले असले की पाऊस त्यांना मानवतो. कारलीचं ‘कोकण तारा’ आणि चवळीचं ‘कोकण सदाबहार’ ही दापोलीच्या विद्यापीठाची बियाणी वापरली. कारली उत्तम, चवळी तर विचारायलाच नको. पडवळाची पांढरी झालरीची फुलं संध्याकाळनंतर उमलतात. सतत पाऊस असला की पतंग फिरकत नाहीत आणि कळ्या पिवळ्या पडून गळतात. तेव्हा टॉर्च घेऊन नर फुलाचा पराग मादी फुलाला लावायचा. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे बोटाएवढं पडवळ आधीच असतं. फळ वीतभर झालं की टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधायचा, नाहीतर ते वेटोळं होतं. दगड जड झाला तर देठ तुटतो. आमच्याकडे लिंबाएवढा पुरतो.

फळमाशीसाठी सापळा लावाल तर वेलभाज्यांची ‘क्यू ल्यूर’ची गोळी मागून घ्या. आंब्याच्या सापळ्यातली गोळी वेगळी, मिथाईल युजेनॉलची, तिच्याकडे काकडी-कारल्याची माशी ढुंकूनही पाहत नाही. दुकानात विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

ज्याला काहीच करायचं नाही त्याने अळू लावावं. न्हाणीच्या सांडपाण्यावर येतं, माझ्या कोंबड्या त्याला चोच लावत नाहीत. माकडांचं मात्र मी काही लिहीत नाही. जाळं, फटाके, कुत्रा, सगळं झालं. वांगी त्यांची, उरलेली आमची.

दिवाळीनंतरचा हंगाम खरा सोपा. माठ, मुळा, चवळी, वांगी, मिरची. जांभ्याची माती आंबट, आणि पावसाने धुऊन निघालेली असते, म्हणून चुलीची राख मुठीने फेकते. वाफ्यांच्या मधे चर काढून नारळाची सोडणं पुरली आहेत. ती पाणी धरून ठेवतात. मार्चपर्यंत एक दिवसाआड पाणी पुरलं. एप्रिलला विहीर मचूळ झाली आणि घेवड्याने सर्वात आधी माना टाकल्या. घेवड्याला खारेपणा अजिबात सोसत नाही. खाडीजवळच्या लोकांनी तो फेब्रुवारीपर्यंत उरकावा.

कोंबडखत थेट झाडाला घालू नये, ते तापट असतं, मुळं जळतात. खुराड्यातलं तूस आम्ही पाचोळ्याबरोबर खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवतो आणि मग वापरतो. कच्च्या खाण्याच्या भाजीला तर कुजलेलंच.

अंड्यांचं सांगायचं तर हिशेब सरळ नाही. पावसाळी अंधारात आणि पिसं झडताना अंडी बंद, फेब्रुवारी-मार्चला वाटायची वेळ. कवच पातळ येऊ लागलं तेव्हा तिसऱ्यांचे शिंपले कुटून वेगळ्या वाटीत ठेवले, फरक पडला. सुकटीची डोकी आवडीने खातात, पण आठवडाभर रोज घातली तेव्हा ऑम्लेटला वास आला आणि मुलांनी ताट सरकवलं. आता मूठभर, तेही कधीतरी. खाद्य, जाळी, गवंडी सगळं धरलं तर अंडं अजून बाजारच्या पांढऱ्या अंड्याहून महागच पडतंय. गावठी अंडं बाजारात त्याच्या दुप्पट भावाने जातं, पण विकायला उरतात कुठे. धंदा म्हणून कोणी सुचवलं तर हसून सोडून द्या. भाजीने मात्र जूनपासूनचा बराच खर्च वाचवला, आणि बाजारात पडवळ आता आम्ही घेतच नाही.

घराला कुलूप लावून महिना-महिना मुंबईला जाणाऱ्यांनी कोंबड्या घेऊ नयेत. अळू आणि कडीपत्ता लावावा. ज्यांच्या घरी माणूस कायम आहे त्यांनी पुढच्या मे महिन्यात खुराडा बांधून घ्यावा, पक्षी नंतर आणावेत.

गावठीने काढलेल्या पिल्लांत दोन नर निघाले. एकावर सासूबाईंनी मिरगाच्या राखणेसाठी, म्हणजे राखणदाराला द्यायला, आधीच बोट ठेवलंय. दुसरा पहाटे साडेतीनला आरवतो, आणि समोरच्या वाड्यातले काका चहाला आले की आधी त्याचं काय ठरवलंत ते विचारतात.