घंटाघर बघायचंय? नागपूरहून सिकंदराबाद, लखनऊ की जोधपूर

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एखादं जुनं घंटाघर दाखवून आणायचं मनात असेल, तर आपल्या नागपूरहून तीन ठिकाणं जाण्यासारखी आहेत. नुसते फोटो आणि मनोऱ्याची उंची बघून ठरवू नका. घड्याळाचं यंत्र जवळून बघता येतं का, हे मी आधी बघतो. मुलांच्या लक्षात तेच राहतं.

सगळ्यात सोयीचं सिकंदराबाद. वंदे भारतने पहाटे निघालं की दुपारी तिथे. घंटाघर स्टेशनपासून जवळच, १२० फूट उंच, १८९७ साली सुरू झालेलं. पण भोवती गाड्यांची सारखी वर्दळ, आणि अर्ध्या तासात सगळं बघून होतं. म्हणून त्याला हैदराबादचा चारमिनार जोडाच. वास्तू १५९१ ची, पण तिच्या चार बाजूंची घड्याळं बसली १८८९ मध्ये, जवळपास तीनशे वर्षांनी. हाताशी शनिवार-रविवारच असेल तर हेच बरं.

लखनऊचं हुसैनाबाद घंटाघर रूपाने तिघांत उजवं. २२१ फूट उंच. सर जॉर्ज कूपर या इंग्रज अधिकाऱ्याच्या आगमनानिमित्त १८८१ मध्ये त्याचं काम सुरू झालं. तबकडी बारा पाकळ्यांच्या फुलासारखी आहे, आणि आतला लंबक तब्बल १४ फुटांचा. जुन्या उभ्या घड्याळाचा लंबक साधारण एक मीटरचा असतो आणि एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेतो. लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट होते, म्हणून लखनऊच्या लंबकाला त्याच झोक्याला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. हे घड्याळ १९८४ पासून बंद पडलं होतं. २०११ मध्ये लखनऊच्याच दोन हौशी माणसांनी खटपट करून ते पुन्हा चालू केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. मात्र मनोरा बाहेरूनच बघायचा. सोबत आई-वडील असतील तर लखनऊच निवडा: छोटा इमामबाडा, सतखंडा, रूमी दरवाजा सगळं त्याच भागात आहे, फार चढ-उतार नाही. डिसेंबर-जानेवारी तेवढा टाळा, धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात.

तरी चार-पाच दिवस मोकळे असतील तर मी जोधपूरच सांगेन. महाराजा सरदारसिंहांनी बांधलेलं हे घंटाघर सरदार मार्केटच्या मधोमध आहे, भोवती मसाले, बांधणी, मातीची भांडी, आणि वर टेकडीवर मेहरानगड. इथे तिकीट काढून आत चढता येतं आणि यंत्रासमोर उभं राहता येतं. दोराला टांगलेली जड वजनं हळूहळू खाली येतात, त्यांच्या ओढीने चाकं फिरतात, आणि लंबकाच्या प्रत्येक झोक्याला चाकाचा एकेक दात सुटतो. टिकटिक येते ती तिथूनच. वजनं खाली पोचली की ती पुन्हा वर ओढायची, यालाच चावी देणं म्हणतात. मोबाइलवरच वेळ बघणाऱ्या पोरांना घड्याळ ‘चालतं’ म्हणजे काय होतं, हे इथे न सांगता कळतं. बाराला दहा मिनिटं असताना वर पोचा, म्हणजे बाराचे टोल ऐकायला मिळतील. अगदी लहान पोरांचे कान झाका. जिने अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खाली बाजारात मखनिया लस्सी घेत थांबावं.

मे महिन्यात मात्र जोधपूरला जाऊ नका. नागपूरच्या उन्हातून निघून तिथल्या उन्हात पडण्यात अर्थ नाही. दिवाळीतच जायचं तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे गणपती बसायच्या आधीच तारीख पक्की करावी लागेल.