पाच इंजिनं, सहा बोर्ड आणि ०.२ मिलिमीटरची फट

“काका, हिला परत उचकी लागली.”

आठ महिन्यांत पुतण्याच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की या इंजिनाची एवढी आठवण कोण काढतंय, असा प्रश्न पडतो. परवा माझ्या मॉडेल रेल्वेचं तीन नंबरचं इंजिन भर सरळ रुळावर थबकलं, दिवा मिणमिणला, आणि लगेच काहीच न झाल्यासारखं पुढे निघालं. रूळ बदलायचा सांधा नाही, वळण नाही, रूळ सकाळीच पुसलेले. त्या रागातच लिहायला बसलोय, तेव्हा सूर थोडा तिखट लागला तर समजून घ्या.

माझ्याकडे एन स्केलची, म्हणजे १:१६० मापाची, पाच डिझेल इंजिनं आहेत. सगळी दोन अर्ध्यांच्या धातूच्या फ्रेमची, आणि सगळी मुळात अ‍ॅनालॉग, म्हणजे रुळावर जेवढा दाब (व्होल्टेज) तेवढा वेग. प्रत्येकातली कारखान्याची दिव्यांची पट्टी काढून तिच्याच आकाराचा डीसीसी डिकोडर बोर्ड सरकवला. डीसीसी म्हणजे रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा पाठवायची डिजिटल पद्धत, आणि ती आज्ञा वाचून मोटर चालवतो तो डिकोडर. बोर्ड मात्र सहा लागले, ते का ते पुढे येईलच. वायरवाला डिकोडर याहून बराच स्वस्त पडतो, हे मला माहीत होतं. पण त्यासाठी फ्रेम कोरून जागा करा, सात वायरी डागा, वर कोरलेल्या धातूइतकं वजन कमी होऊन इंजिनाची ओढ घटणार. या बोर्डाच्या पाकिटावर लिहिलं होतं ‘सोल्डरिंगची गरज नाही’. मी एरवी उरलेली वायर दोन इंची असली तरी डबीत जपून ठेवणारा माणूस. त्या एका ओळीसाठी पाच वेळा जादा पैसे मोजले. आज पाचही बोर्डांवर माझ्या हातचं सोल्डर आहे. तक्रार एवढीच आहे, बाकीचा लेख तिचा तपशील समजा.

आधी जळालेल्या बोर्डाचं सांगतो. मोटरच्या दोन तांब्याच्या पट्ट्या वर येतात आणि बोर्डाच्या मधल्या दोन पॅडना, म्हणजे संपर्काच्या उघड्या ठिपक्यांना, टेकतात. या पट्ट्या फ्रेमला लागता कामा नयेत. अ‍ॅनालॉगमध्ये फ्रेमचे दोन अर्धे म्हणजे दोन रूळ, आणि मोटर शेवटी त्यांनाच जोडलेली असते, त्यामुळे पट्टी आपल्या बाजूच्या फ्रेमला घासली तरी काही बिघडत नाही. डीसीसीत रुळावर कायम पूर्ण दाब असतो आणि मोटरला वीज फक्त डिकोडरने द्यायची असते. पट्टी फ्रेमला टेकली की रुळाचा दाब थेट डिकोडरच्या मोटरकडच्या बाजूत घुसतो. माझी टेकली होती. आवाज नाही, ठिणगी नाही, नुसता वास. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना वर्णन नको, ज्यांनी घेतला नाही त्यांना घ्यावा न लागो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, बसवताना झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. मी तीन आठवडे भांडलो. आता डोकं थंड झाल्यावर कबूल करतो, त्यांचं बरोबर होतं. पण सोबत दिलेला कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपचा) नखाएवढा तुकडा नेमका कुठे चिकटवायचा, हे सूचनांच्या कागदावर एका बाणाने दाखवलं असतं तर माझा एक बोर्ड आणि त्यांचे तीन आठवडे वाचले असते. तेव्हापासून बोर्ड सरकवण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवतो आणि मोटरची प्रत्येक पट्टी फ्रेमच्या दोन्ही अर्ध्यांशी तपासतो. चारपैकी एकदाही बीप वाजता कामा नये. दोन मिनिटांचं काम आहे. साधी इन्सुलेशन टेप मात्र आत वापरू नका, गरम झाली की तिचा गोंद पाझरतो आणि सगळीकडे चिकटा होतो.

दुसरा बोर्ड लागला, आणि पहिला महिना मी सगळ्यांना धरून धरून गाडी दाखवत होतो. हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर हा माणूस नुसता रडतोय असं वाटेल. जुन्या कंट्रोलरवर हे इंजिन एकतर उभं राहायचं किंवा ससा झाल्यासारखं पळायचं. आता ते रांगतं. खऱ्या गाडीचा ताशी ५ किलोमीटरचा वेग १:१६० मध्ये सेकंदाला जेमतेम ९ मिलिमीटर होतो, म्हणजे एक मीटर रुळाला जवळजवळ दोन मिनिटं. हा वेग माझं इंजिन न अडखळता धरतं. डिकोडर क्षणभर मोटरची वीज तोडतो, फिरती मोटर त्या क्षणात जनित्रासारखा जो उलटा दाब तयार करते तो मोजतो, वेग पडलेला दिसला की वीज वाढवतो, आणि हे सेकंदाला कित्येकदा चालतं. चढ आला, डबे वाढले, तरी चाल तीच. खोलीतला दिवा मालवून पुढचा एलईडी लावायचा आणि गाडी उभी ठेवायची. गाडी थांबली तरी दिवा जळत राहतो, यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. मी त्याच्याकडे बघत अर्धा तास बसलेलो आहे.

मग उचक्या सुरू झाल्या.

पहिला संशय रुळावर. पुसले. मग चाकांवर. तीही पुसली. मग मी जे केलं त्याची आज लाज वाटते: दोन महिने सीव्ही, म्हणजे डिकोडरमधली क्रमांकवार सेटिंग्ज, फिरवत बसलो. सीव्ही २ वाढवला, म्हणजे सुरुवातीचा दाब वाढला. सीव्ही ३ आणि ४ ने वेग घेणं आणि सोडणं लांबवलं. ५ आणि ६ ने कमाल आणि मधला वेग बदलला. वहीची चार पानं आकड्यांनी भरली. सगळं बिघडलं की सीव्ही ८ मध्ये ८ लिहायचं, बोर्ड कारखान्यातून आला तसा होतो, इंजिनाचा पत्ता (ज्या क्रमांकाने त्याला आज्ञा जाते तो) पुन्हा ३, आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वहीत ठळक लिहिलंय: ‘बोर्ड टाकाऊ. कुणाला सुचवू नये.’

खूण खरं तर समोरच होती. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंग्ज वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर, सीव्ही वाचायला गेलं की कधी आकडा यायचा, कधी एरर. डिकोडरला ‘हो’ म्हणायचं असतं तेव्हा तो सुमारे ६ मिलिसेकंद निदान ६० मिलिअ‍ॅम्पियर जादा वीज ओढतो, बहुधा मोटरलाच एक झटका देऊन, म्हणून वाचताना इंजिन किंचित हिसका मारतं. माझं इंजिन कधी हिसका मारायचं, कधी नाही. याचा अर्थ बोर्डाचं डोकं ठीक होतं, त्याचा आवाजच पोचत नव्हता. मी मात्र कमांड स्टेशनलाच, रुळावर आज्ञा सोडणाऱ्या डब्याला, दोष देत राहिलो.

त्यातच एकदा तीन नंबरने पळ काढला. उचकी लागली आणि सावरताना एकदम पूर्ण वेगाने सुटलं, पुतण्याने टेबलाच्या कडेला झेललं. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं, म्हणून इलाज देऊन ठेवतो. बोर्डाला अ‍ॅनालॉगवरही धावता येतं, त्यामुळे सिग्नल विस्कटला की कधीकधी त्याला वाटतं आपण साध्या डीसीवर आलो, आणि समोर तर पूर्ण दाब. सीव्ही २९ मध्ये ६ असेल तर २ करा. त्यातला ४ हा अ‍ॅनालॉगच्या परवानगीचा. मोठा पत्ता वापरत असाल तर ३८ चे ३४. त्या दिवसापासून एकही इंजिन पळालेलं नाही.

खरा आजार सापडला तो योगायोगाने. टप, म्हणजे इंजिनाचं वरचं कवच, काढलेला होता, इंजिन थबकलं आणि मी वैतागून बोटाने बोर्ड दाबला. चालू लागलं. बोट काढलं, थांबलं. पुन्हा दाबलं, चाललं. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही बोट लावूनच बसा.”

मग व्हर्नियर काढला. फ्रेमच्या खाचेत आणि बोर्डाच्या जाडीत ०.२ मिलिमीटरचा फरक. आता वीज कुठून कशी येते ते मोजा: रुळातून चाकात, चाकातून आसाच्या टोकाला, तिथून बोगीच्या पट्टीला, पट्टीतून फ्रेमला, फ्रेममधून बोर्डाच्या कडेच्या पॅडला. यात कुठेही डाग नाही, सगळे सांधे नुसते एकमेकांना टेकलेले. आणि शेवटचा, सगळ्यात नाजूक सांधा खुळखुळा. दिव्याच्या जुन्या पट्टीला हे चालून जायचं. संपर्क क्षणभर तुटला तर दिवा लुकलुकायचा आणि मोटर फ्लायव्हीलच्या जोरावर निघून जायची. डिकोडरचं मात्र वीज गेली की डोकंच बंद पडतं. शुद्धीवर येऊन पुढची आज्ञा कानावर पडेपर्यंत इंजिन उभं.

एवढी हुशार वस्तू. रुळावरच्या लाटेत ५८ मायक्रोसेकंदांचा अर्धा ठोका म्हणजे एक आणि १०० किंवा जास्तीचा म्हणजे शून्य, हे न चुकता ओळखणारी. आणि तिला बसवायचं कसं, तर खाचेत ढिलं!  एवढंच म्हणतो, की हा बोर्ड आखणाऱ्याने तो एकदा तरी फ्रेमच्या खाचेत स्वतःच्या हाताने सरकवून हलवून बघायला हवा होता.

उपाय सोपा आहे आणि चीड आणणारा आहे. बोर्डाच्या कडेच्या पॅडवर सोल्डरचा पातळ थर चढवायचा, बारीक कानसीने सपाट करायचा, बोर्ड जरा जोर लावून बसेल इतपत ठेवायचा. मोटरच्या पट्ट्यांची टोकं किंचित वर वाकवायची. पाचही इंजिनांना एका रविवारी हा साज चढवला आणि उचक्या बंद. वहीतलं ‘टाकाऊ’ खोडून ‘उत्तम, पण’ लिहिलं.

तो ‘पण’ परवा परत आला. लिखाण इथेच अर्धवट टाकून काल तीन नंबर उघडलं. सोल्डर मऊ असतं, सतत दाबाखाली हळूहळू दबतं. तीन महिन्यांत थर चपटा झाला आणि फट परत आली. म्हणून आता पुढची पायरी. फ्रेमच्या धातूवर डाग बसत नाही, शिवाय तो ठोकळा सगळी उष्णता पिऊन टाकतो. म्हणून प्रत्येक अर्ध्याला बारीक भोक पाडून, आटे पाडून, १.४ मिलिमीटरचा स्क्रू लावला, त्याच्या डोक्याखाली पातळ वायर दाबली, वायरचं दुसरं टोक बोर्डाच्या पॅडवर डागलं. उजव्या रुळाची लाल, डाव्याची काळी, सवयीने रंगही पाळले. म्हणजे वायरवाला डिकोडरच घरी तयार झाला, जादा किमतीत.

संपर्क तुटला तर तेवढ्यापुरती वीज साठवून ठेवायला कपॅसिटर लाव म्हणून सल्ला देणारे बरेच भेटतात. लावून पाहिला. हिशेब असा: २२० मायक्रोफॅरडचा एक टँटलम कपॅसिटर, १२ व्होल्टवरून ८ वर उतरेपर्यंत, मोटर १०० मिलिअ‍ॅम्पियर ओढत असेल तर ९ मिलिसेकंदही पुरत नाही. पाच जोडले तर ४४. मध्यम वेगाने जाणारं इंजिन तेवढ्यात ४ मिलिमीटर सरकतं, रांगणारं अर्धासुद्धा नाही. धुळीच्या कणाला हे पुरतं. रूळ बदलायच्या सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या प्लास्टिकच्या निर्जीव तुकड्याला, फ्रॉगला, नाही, आणि ढिल्या बोर्डाला तर नाहीच. शिवाय टँटलमची दिशा उलटी झाली तर तो पेट घेऊ शकतो, आणि भरतानाचा प्रवाह आवरला नाही तर प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर वाचणं अडतं. एन स्केलच्या टपाखाली पाच कपॅसिटरला जागा कुठे आहे, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. माझे दोन मावले, चार नंबरमध्ये. तिथे फरक जाणवतो, थोडा.

उष्णतेची भीती होती, ती फोल निघाली, बोर्ड कोमटच्या पुढे जात नाहीत. मात्र जुन्या इंजिनात घालण्याआधी १२ व्होल्टवर चाक क्षणभर धरून मोटर किती ओढते ते मोजा. माझ्याकडच्या एका जुन्याने १.२ अ‍ॅम्पियर दाखवले आणि बोर्ड १ अ‍ॅम्पियरचा. ते तसंच कपाटात ठेवलंय.

कुणी विचारलं, घेऊ का, तर फ्रेम आधुनिक असेल आणि आत सॉकेट असेल तर हा बोर्ड विसरा, सॉकेटचाच डिकोडर घ्या. माझ्यासारखी दोन तुकड्यांची फ्रेम असेल तर घ्या, पण ‘सोल्डरिंगची गरज नाही’ यावर जादा पैसे देऊ नका. सोल्डर करायचा कावीया तुमच्याकडे असणारच.

तीन नंबरचे स्क्रू काल रात्री बसले. तासभर रांगत ठेवलं, दिवा एकदाही मिणमिणला नाही. आज सकाळी चहापूर्वीच हाक आली: “काका, उचकी.” मी टप काढला, मीटर काढला, स्क्रू आवळून बघितले, वायरी ओढून बघितल्या. पुतण्याने इंजिन उलटं केलं आणि चिमट्याने मागच्या आसाला गुंडाळलेला एक लांब केस ओढून काढला. पांढरा होता, त्यामुळे कुणाचा ते विचारायची वेळ आली नाही.