अभंग लिहू की मुक्तछंद?

परभणीची भाची दुष्काळावर कविता लिहितेय. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, यमक जुळवत बसू का मोकळं लिहू?" तिच्या विहिरीचंच कडवं दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलं.

कोरडी विहीर । पोहरा रिकामा ।
कुणाच्या गे कामा । आला सांग ॥

हा 'मोठा अभंग' नावाचा प्रकार. चार चरणांत अक्षरं 6, 6, 6, 4. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. आता मोकळं:

पोहरा सोडला.
दोर संपला,
पाण्याचा आवाज आलाच नाही.

मेहनत म्हणाल तर अभंगात ती आधीच दिसते, बोटांवर अक्षरं मोजावी लागतात. मुक्तछंद सोपा वाटतो, पण ओळ कुठं तोडायची हे कुणी सांगत नाही. मला तिथंच जास्त खाडाखोड करावी लागली.

पाठांतरात मात्र अभंगाला तोड नाही. गंगाखेडची जनाबाई आजही कागदाशिवाय म्हटली जाते. आमची आजी निरक्षर होती. जात्यावर हात गुंतलेले, तरी यमक धरून पुढची ओवी आपसूक यायची. माझ्या मोकळ्या ओळी मलाच दुसऱ्या दिवशी आठवल्या नाहीत.

खरेपणात मुक्तछंद सरस. 'कामा' हा शब्द मी 'रिकामा'साठी आणला, हे मला खटकतंच.

भजनात, गावच्या कार्यक्रमात म्हणायचं असेल तर अभंगच घे, बाई. बँकेची नोटीस, टँकरची रांग जशीच्या तशी मांडायची असेल तर मुक्तछंद. तुझ्या त्या विहिरीला मी मोकळंच ठेवलं असतं.