मेटल गिटारचा स्टार्टर पॅक: खाऱ्या हवेत कितपत टिकतो?

गिटार, आवाज वाढवणारा 10 वॅटचा अॅम्प, केबल, पट्टा आणि दोन-तीन पिक (तारा छेडायच्या चकत्या) एकाच खोक्यात, असा इलेक्ट्रिक गिटारचा स्टार्टर पॅक रत्नागिरी-कुडाळकडची मुलं आता सर्रास ऑनलाइन मागवतात. मेटल या जोरकस रॉक संगीताची पहिली स्केल, म्हणजे सुरांची सरळ मालिका, शिकायला तो पुरतो. मात्र पिक आणि तारा आधी बदलाव्यात.

सोबतची पिक पातळ असते. जाड तारेवर ती वाकते आणि सूर उशिरा, फुसका येतो. 1 मिमीची कडक पिक घ्या. तारांचं दुखणं मोठं आहे. रत्नागिरीत मिऱ्या-भाट्याच्या बाजूला खारा वारा आणि बोटांचा घाम मिळून साध्या तारा पावसाळ्यात लवकर गंजतात, बोट सरकवताना खरखरतात. कोटिंगवाल्या 10-46 तारा (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशांत) महाग पडतात, पण इथे त्याच परवडतात. मूळच्या तारा 09-42 असतील तर नव्या तारांच्या ताणाने मान पुढे वाकून तारा उंच होतात. ट्रस रॉड (मानेच्या आतली, ताण सांभाळणारी सळी) पाव फेराच घट्ट करा, मग तपासा.

आता ती पहिली स्केल, ई मायनर. आकडे फ्रेटचे, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांचे. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार: मोकळी, 2, 3. पाचवी: मोकळी, 2, 3. चौथी: मोकळी, 2. दुसऱ्या फ्रेटवर मधलं बोट, तिसऱ्यावर अनामिका. ई हा षड्ज धरला तर हे आसावरी थाटाचेच सूर. भजनाला पेटी वाजवणाऱ्याला लगेच ओळखू येतील.

पिकचा क्रम खाली-वर-खाली, वर-खाली-वर, खाली-वर. बहुतेक जण पाचव्या तारेवर चुकतात. सहावीवर खाली मारलेली पिक पाचवीला ओलांडून पलीकडे जायला हवी आणि तिथून वर यायला हवी. घाईत पुन्हा खालीच मारली जाते आणि पुढचा सगळा क्रम उलटतो. एवढी एकच उडी मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांच्या लयीत, ठोक्याला दोन सूर, घोटा. सलग चार वेळा स्वच्छ आली की 5 ने वाढवा.

अॅम्पबद्दल तक्रार एकच: गेन (सूर फाटका करणारं बटण) अर्ध्यापुढे नेला की नुसता गोंगाट. एक तृतीयांशावर ठेवा. पाचवीच्या तिसऱ्या फ्रेटवरून मोकळ्या चौथीवर जाताना बोट एकदम उचललं की मोकळी पाचवी घुमते आणि दोन सूर एकमेकांत कालवतात. बोट सैल करा, तारेवरून काढू नका. उजव्या तळव्याची कड पुलाजवळ (ब्रिज, तारा गिटारच्या अंगावर टेकतात ती जागा) सहावी-पाचवीवर टेकलेली असू द्या. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे अशा फाटक्या आवाजात, न वाजणाऱ्या तारा दाबणं हे निम्मं वादन आहे, आणि ते पहिल्या दिवसापासूनच शिकायचं.

सोबतची कापडी पिशवी दमट हवेत निरुपयोगी. जाड अस्तराची बॅग घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्याने खालच्या बाजूनेही पुसा. गंज तिथूनच धरतो.